फुफ्फुसाचं दुखणं गव्हाणीत शोधा: गायी-वासरांचा न्यूमोनिया आणि आहार

डिसेंबरात रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास आला की नागपूर जिल्ह्यातल्या गोठ्यांतून ढासण्याचा आवाज यायला लागतो. गाय खाणं टाकते, नाक गळतं, कान थंड आणि अंग गरम लागतं, मग डॉक्टरांना फोन जातो. इंजेक्शनं होतात, काही जनावरं सावरतात, काही महिन्याभरात पुन्हा ढासायला लागतात. खापर थंडीवर फुटतं. थंडीचा हात असतोच, पण एकाच गोठ्यात दहा जनावरांना सारखीच थंडी लागते आणि आजारी दोनच पडतात. त्या दोघांना जन्मल्यावर चीक कधी मिळाला, हिरवा चारा किती महिन्यांपूर्वी संपला, शेवटचं औषध कोणी आणि कसं पाजलं, हे विचारत गेलं तर उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

न्यूमोनिया करणारे नेहमीचे जिवाणू म्हणजे मॅनहायमिया हिमोलायटिका, पाश्चुरेला मल्टोसिडा, हिस्टोफिलस सोम्नी आणि मायकोप्लाझ्मा बोविस. यातले पहिले दोन निरोगी गायीच्या नाका-घशातही राहतात. धडधाकट जनावर त्यांना वरच अडवून ठेवतं. श्वासनलिकेच्या आतल्या बारीक केसांसारख्या तंतूंची हालचाल सतत चालू असते, ती शेंबडासकट सगळं वर ढकलते. त्यातून निसटलेल्या जिवाणूंना फुफ्फुसातल्या पेशी गिळून टाकतात. गायीचं फुफ्फुस तिच्या देहाच्या मानाने लहान असतं. त्यामुळे त्याचा थोडा भाग निकामी झाला तरी धाप दिसते.

आहारातल्या चुकीमुळे ही व्यवस्था तीन वाटांनी मोडते. पहिली वाट कमतरतेची: अंगात लढायला लागणारं साहित्यच नसतं. दुसरी श्वासनलिकेची: धूळ, दूध, तेल किंवा औषध जिथे जायला नको तिथे जातं. तिसरी रक्ताची: पोटात बिघाड होतो, तिथले जिवाणू यकृतात आणि यकृतातून फुफ्फुसात पोचतात. या तिसऱ्या वाटेचा संशय फार थोड्यांना येतो, म्हणून तिच्यावर खाली जरा जास्त लिहिलं आहे.

पहिले दोन तास: चीक

गायीच्या गर्भात वासराला आईकडून प्रतिपिंडं मिळत नाहीत. ती सगळी चिकातून येतात, आणि ती जशीच्या तशी शोषून घेणारं आतडं जन्मानंतर तासागणिक बंद होत जातं. २४ तासांनी ते जवळजवळ बंदच होतं. ज्या वासराला वेळेत चीक मिळाला नाही, ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ढासायला लागतं. तोवर पहिल्या दिवशीची चूक कोणाच्या ध्यानातही नसते.

आपल्याकडे वार पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही असा समज अजून अनेक घरांत आहे. तो सोडायलाच हवा. वार पडायला सहा-आठ तास लागू शकतात आणि त्या तासांची भरपाई पुढे कशानेही होत नाही. उलट वासरू लुचलं की आईच्या शरीरात जे संप्रेरक सुटतं ते गर्भाशय आकुंचन पावायलाही मदत करतं.

मात्रा वजनावर ठरवा. पहिल्या दोन तासांत वजनाच्या १० टक्के चीक द्यायचा, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. एका दमात घेत नसेल तर अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने दोनदा पाजा. त्यानंतर ८ ते १२ तासांनी आणखी सव्वा लिटर. विदर्भातल्या देशी गवळाऊ गायीला चीक कमी येतो. तिथे जेवढा निघेल तेवढा सगळा वासराचा. खरवस दुसऱ्या दिवसाच्या दुधाचा करा, थोडा पातळ होईल इतकंच. पहिल्या धारेचा चीक चुलीवर घट्ट जमतो तो त्यातल्या भरपूर प्रथिनांमुळे, आणि वासराला वाचवणारी प्रतिपिंडंही त्याच प्रथिनांत असतात.

चिकाचा कस डोळ्यांनी ठरत नाही. पिवळा आणि दाट चीक सहसा चांगला असतो, पण नुसत्या रंगावर विसंबू नका. द्राक्ष-संत्र्याची गोडी मोजायचं ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर संत्रा पट्ट्यात बऱ्याच बागायतदारांकडे असतं. तेच चालतं: एक थेंब चीक टाका, आकडा २२ किंवा वर आला तर उत्तम. खाली आला तर पाजायची मात्रा वाढवा, किंवा साठवलेला चीक वापरा. जास्तीचा चांगला चीक एक-एक लिटरच्या बाटल्यांत फ्रीजरमध्ये वर्षभर टिकतो. वितळवताना बाटली कोमट पाण्यात ठेवायची. पाणी ५० अंशांपेक्षा गरम नको, आणि चीक उकळायचा तर मुळीच नाही, कारण उष्णतेने प्रतिपिंडं मरतात.

या सगळ्याची तयारी गाय व्यायच्या दोन महिने आधी सुरू होते. आटवलेली गाय दूध देत नाही म्हणून तिला नुसत्या तणसावर ठेवणं ही मोठी चूक. शेवटच्या ६० दिवसांत तिला रोज दीड-दोन किलो ढेपेचं मिश्रण, ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि जमेल तेवढा हिरवा चारा हवा. विताना तिच्या बरगड्या अगदी उघड्या दिसू नयेत आणि शेपटीच्या बुडाशी चरबीचे गोळेही नसावेत.

बाटलीचं भोक

दुधावरच्या वासरांत न्यूमोनियाचं एक साधं कारण रबरी निपलाचं मोठं भोक हे असतं. वासरू लवकर प्यावं म्हणून लोक ते कात्रीने वाढवतात. मग दूध गिळण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने येतं आणि थोडं श्वासनलिकेत उतरतं. तपासणी सोपी आहे: भरलेली बाटली उलटी धरा. दूध थेंबाथेंबाने गळालं पाहिजे, धार लागली तर निपल बदला. पाजताना वासराचं डोकं आईच्या कासेला लुचताना असतं तेवढ्याच उंचीवर, मान पुढे ताणलेली. बादलीने पाजत असाल तर तोंड जबरदस्तीने दुधात दाबू नका.

थंडीत दुधाचं प्रमाण वाढवा. तीन आठवड्यांच्या आतल्या वासराला साधारण १५ अंशांखाली स्वतःला ऊब देण्यासाठी जास्तीची ऊर्जा खर्चावी लागते, आणि आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री त्याहून बऱ्याच गार असतात. वजनाच्या १० टक्के दूध हा हिशेब त्या दिवसांत अपुरा पडतो. रात्री झोपण्याआधी अर्धा ते एक लिटर कोमट दुधाची तिसरी पाळी ठेवा आणि अंगाखाली पाय बुडतील इतकं कोरडं तणस टाका. पाणी आणि वासरांचा खुराक पहिल्या आठवड्यापासून समोर असावा. खुराकात १८ ते २० टक्के प्रथिनं हवीत आणि तो भरड असावा. पिठासारखा बारीक असला तर वासरू तो नाकाने उडवतं आणि हुंगतं. खुराकाला सरकी ढेपेचा मोठा आधार देऊ नका, तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य लहान वासरांना सोसत नाही.

दूध तोडताना रोज किमान ७०० ग्रॅम खुराक सलग तीन दिवस खाल्ला जातोय हे पाहा. दूध तोडणं, शिंगं जाळणं आणि जागा बदलणं एकाच आठवड्यात करू नका. प्रत्येक गोष्ट वासराला वेगवेगळी झेपते, एकत्र झेपत नाही.

मार्चमधली गाय पोटभर खाऊनही उपाशी का

पावसाळ्यानंतर हिरवं गवत नोव्हेंबरपर्यंत पुरतं. त्यानंतर नागपूरच्या बऱ्याच गोठ्यांत ज्वारीचा कडबा, रामटेक-मौद्याकडे धानाचं तणस, आणि तूर-हरभरा-सोयाबीनचं कुटार. पोट भरतं, पण उन्हात वाळून फिक्या पडलेल्या या चाऱ्यात जीवनसत्त्व अ जवळजवळ नसतं. गायीच्या यकृतात त्याचा साठा दोन ते चार महिन्यांचा. म्हणजे साठा आटायची वेळ आणि फेब्रुवारी-मार्चमधला दिवस-रात्रीच्या तापमानातला मोठा फरक एकाच सुमारास येतात. जीवनसत्त्व अ कमी पडलं की श्वासनलिकेचं ओलसर अस्तर खरखरीत होतं, तंतू झडतात, आणि घशातले जिवाणू खाली उतरायला मोकळे होतात.

उपाय महागडा नाही. रोज ५ किलो खरोखर हिरवा चारा एका मध्यम गायीची जीवनसत्त्व अ ची गरज भागवतो. बरसीम, लसूणघास, नेपियर, काहीही चालेल. हिरवा म्हणजे पानं हिरवी; पिवळा पडलेला मका मोजू नका. जमीन कमी असेल तर बांधावरच्या शेवग्याचा पाला दिवसाला दोन-तीन किलो कामाला येतो. हिरवं काहीच मिळत नसेल तर डॉक्टरांकडून जीवनसत्त्व अ चं इंजेक्शन घ्या. ते अंगात काही महिने पुरतं.

तांबं, जस्त आणि सेलेनियम ही तीन खनिजं जिवाणू गिळणाऱ्या पेशींची हत्यारं आहेत. पेशी जिवाणूला मारायला जे जहाल रसायन बनवते, त्यापासून तिचा स्वतःचा बचाव सेलेनियम आणि जीवनसत्त्व ई करतात. ती कमी असली तर पेशी जिवाणूसोबत स्वतःही मरते. चाऱ्याच्या कोरड्या वजनात दर किलोला साधारण १० मिलिग्रॅम तांबं आणि ३० मिलिग्रॅम किंवा जास्त जस्त हवं, सेलेनियम मात्र ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम इतकंच. सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांत फार अंतर नाही, म्हणून ते खनिज मिश्रणातूनच द्या. सेलेनियमचं इंजेक्शन, पावडर आणि वीट असं तिन्ही एकावेळी सुरू करू नका.

खनिज मिश्रण मोठ्या गायीला रोज ५० ग्रॅम, वाढत्या कालवडीला ३०, वासराला २० ते २५. मुठीने टाकू नका. एकदा काट्यावर तोलून एखाद्या डबीवर खूण करा. गोठ्यात शेळ्या-मेंढ्या असतील तर गायीचं मिश्रण मेंढ्यांना देऊ नये, त्यातलं तांबं मेंढीला विष ठरू शकतं.

ताकदीचा आणि प्रथिनांचा मुद्दा थोडक्यात: कडब्यात प्रथिनं चार-पाच टक्के, तणसात त्याहूनही कमी. एवढ्यावर पोटातले सूक्ष्मजीवही जगत नाहीत, मग प्रतिपिंडं कुठून बनणार? तणसावर युरिया प्रक्रिया करता येते: १०० किलो तणसाला ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, ताडपत्रीखाली घट्ट दाबून २१ दिवस ठेवायचं. पण ढीग उघडल्यावर ते लगेच बंद गोठ्यात नेऊ नका. अमोनियाचा भपकारा नाका-घशाला भाजतो. तास-दोन तास मोकळ्या हवेत पसरा, मग घाला. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हे अजिबात नको.

घटसर्प या जनावरांच्या आजाराची लस पावसाळ्यापूर्वी, मे-जूनमध्ये घ्यायचीच. ती पाश्चुरेलाच्या एका विशिष्ट प्रकारासाठी असते. लस घेतली म्हणून हिवाळ्यातला प्रत्येक न्यूमोनिया टळेल असं नाही. लसीचा असर यायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि एप्रिल-मेमध्ये सुकलेल्या, खनिजं नसलेल्या जनावरात तो अर्धवटच येतो. म्हणून लसीच्या आधी किमान तीन आठवडे खनिज मिश्रण आणि थोडं हिरवं सुरू करा.

कुटाराची धूळ, ढेपेची बुरशी

कुटार हा विदर्भाचा मोठा आधार, पण कोरडं कुटार घमेल्याने गव्हाणीत ओतलं की जो धुरळा उठतो तो गाय तोंड घालून श्वासात ओढते. त्यासोबत बुरशीचे बीजाणूही जातात. घालण्याच्या अर्धा तास आधी दर किलोला अर्धा लिटर पाणी शिंपडा, वर मिठाचा हात फिरवा. गाय खातेही आवडीने. ओलं करून ठेवलेलं कुटार मात्र त्याच दिवशी संपवा. पावसाळ्यात गव्हाणीच्या कोपऱ्यात उरलेला लगदा दुसऱ्या दिवशी आंबतो आणि तिसऱ्या दिवशी त्यावर बुरशी येते. गव्हाण रोज रिकामी करून झाडायची.

सरकी ढेप, शेंगदाणा ढेप आणि मका ओल धरतात. अशा खाद्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार झालं तर ते यकृत बिघडवतं आणि प्रतिकारशक्ती दाबतं. गाय मरत नाही, नुसती कोणत्याही आजाराला लवकर बळी पडते, म्हणून दोष ढेपेवर येत नाही. पशुखाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा दर किलोला २० मायक्रोग्रॅम आहे. इतकं कमी विष डोळ्याला दिसत नाही. पोतं जमिनीवर ठेवू नका, लाकडी फळीवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवा. पावसाळ्यात पंधरा दिवसांना पुरेल तेवढीच ढेप आणा. ढेकळं झालेली, कुबट वासाची ढेप उन्हात वाळवून घालू नका; उन्हाने वास जातो, विष जात नाही.

आणखी एक जोड लक्षात घेण्यासारखी. दूध वाढेल म्हणून गरजेपेक्षा जास्त ढेप घातली की जास्तीचं प्रथिन लघवीतून युरिया बनून बाहेर पडतं आणि गोठ्यात त्याचा अमोनिया होतो. पहाटे गोठ्याचं दार उघडल्यावर डोळे चुरचुरले, तर गाय रात्रभर तेच हुंगत होती. मोरी साफ करा, वरचा झरोका उघडा, आणि ढेपेचा हिशेबही तपासा.

पोटातून फुफ्फुसात: आम्लतेची लांब वाट

पोळ्याला बैलाला पुरणपोळी, लग्नाच्या हंगामात उरलेला भात, हॉटेलातल्या शिळ्या पोळ्या. गायीचं पहिलं पोट चाऱ्यातल्या तंतूंसाठी बनलेलं आहे. तिथे अचानक पिठूळ अन्न किलोंनी पडलं की आम्ल वाढतं, पोटाच्या आतल्या भिंतीला जखमा होतात, आणि फ्युझोबॅक्टेरियम व ट्रुपेरेला हे जिवाणू त्या जखमांतून रक्तात शिरून यकृतात गळवं करतात. आठवडे, कधी महिने जातात. एखादं गळू यकृतामागच्या मोठ्या शिरेत फुटलं की पुवाचे कण हृदयातून थेट फुफ्फुसात जातात. गाय हळूहळू खंगते, ढासते, आणि एक दिवस दोन्ही नाकपुड्यांतून फेसाळ रक्त येतं. त्या टप्प्यावर उपचाराने बहुधा काही होत नाही. नाकातून रक्त आलेल्या गायीची गोष्ट बहुतेक वेळा चार महिन्यांपूर्वीच्या एका लग्नाशी जाऊन थांबते.

म्हणून खुराक वाढवण्याचा नियम कडक पाळा: तीन दिवसांत अर्ध्या किलोपेक्षा जास्त वाढ नाही. आधी कडबा, मग खुराक. रोजच्या कोरड्या वजनात निम्म्याहून जास्त वाटा चाऱ्याचा. धान्य जास्त द्यावंच लागत असेल तर खाण्याचा सोडा मिश्रणाच्या १ टक्का मिसळा. नैवेद्याची पुरणपोळी एक-दोन खाल्ल्याने बैलाला काही होत नाही. गावभर दहा दारांवर दहा-दहा खाल्ल्याने होतं. उरलेला भात जनावरांना घालायचाच असेल तर एका गायीला दिवसाला अर्धा-एक किलो, तोही कडब्याच्या कुट्टीत कालवून. धान्याच्या पोत्यावर ताव मारलेली गाय सुस्त पडली, डुलू लागली, तर घरगुती काही पाजू नका, डॉक्टर येऊ द्या.

नागपुरी संत्र्याबद्दल वेगळं सांगायला हवं. सालं आणि रस काढलेला चोथा वाईट खाद्य नाही. त्यातला पेक्टिन पिठासारखा झपाट्याने आम्ल करत नाही. ताजा चोथा एक किलोपासून सुरू करून दोन आठवड्यांत आठ-दहा किलोंपर्यंत नेता येतो. निळी-हिरवी बुरशी दिसली तर तो भाग काढून उरलेला घालणं नको, सगळा ढीग खतात. आणि अख्खं फळ कधीही टाकू नका. गाय ते न चावता गिळते, ते अन्ननलिकेत अडकतं, पोट फुगतं, लाळ श्वासनलिकेत जाते. बागेत गळालेल्या संत्र्यांखाली जनावरं सोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. फळं कोयत्याने चार फोडी करून घाला.

बाजारातून आणलेलं जनावर: पहिले एकवीस दिवस

न्यूमोनियाचा सगळ्यात मोठा धोका नव्या जनावराला. ट्रकमधून तासन्‌तास उभं, पाणी नाही, अनोळखी कळप, आणि आल्यावर मालक कौतुकाने पाटीभर ढेप समोर ठेवतो. पहिल्या आठवड्यात असं जनावर वजनाच्या एक-सव्वा टक्का इतकंच खातं, जिथे निरोगी गाय अडीच टक्के खाते. म्हणजे ३५० किलोची गाय नऊ किलोऐवजी जेमतेम चार किलो कोरडं खाद्य घेते. अर्धं खाल्लं तर खनिजंही अर्धीच गेली, हे विसरलं जातं. जेव्हा गरज सगळ्यात जास्त तेव्हाच पुरवठा सगळ्यात कमी.

पहिले २४ तास: सावली, बाकी जनावरांपासून वेगळी जागा, थोडं थोडं पाणी (१० लिटरला ५० ग्रॅम मीठ आणि २०० ग्रॅम गूळ), आणि लांब कडबा किंवा वाळलेलं गवत, कुट्टी न करता. ढेप नाही. लांब चारा रवंथ सुरू करतो, लाळ सुटते, पोट ताळ्यावर येतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अर्धा किलो खुराक दोन वेळात विभागून. चौथ्या दिवसापासून दर तीन दिवसांनी अर्धा-अर्धा किलो वाढवत दहाव्या दिवशी दोन किलोंपर्यंत, तीन वेळांत. मिश्रण १०० किलोचं असं: मका भरडा ३०, सरकी ढेप ३५, सोयाबीन ढेप १०, गव्हाचा कोंडा २२, खनिज मिश्रण २, मीठ १. यात साडेअठरा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं येतात. सोबत ५ किलो बरसीम आणि दीड-दोन किलो कडबा. एकूण आहारात प्रथिनं साडेतेरा टक्क्यांच्या घरात जातात, कमी खाणाऱ्या जनावराला तेवढी लागतात. बरसीम मिळत नसेल तर लसूणघास घ्या. यात युरिया घालू नका. कच्च्या सोयाबीनच्या सोबत तर युरिया मुळीच नको; त्यातल्या विकरामुळे अमोनिया झपाट्याने सुटतो.

खुराक अर्धा किलोच खाल्ला जात असेल त्या दिवसांत मिश्रणातून जेमतेम १० ग्रॅम खनिजं पोटात जातात. उरलेली ४० ग्रॅम गुळाच्या गोळीत किंवा कणकेत घालून हाताने भरवा. जीवनसत्त्व ई पहिले दोन आठवडे द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

पाणी मोजा. उन्हाळ्यात दुभत्या गायीला ८० ते १०० लिटर लागतं. पाणी कमी पडलं की श्वासनलिकेतला शेंबूड घट्ट होतो आणि तंतूंना तो वर ढकलता येत नाही. २१ दिवस रोज सकाळी ताप बघा. गुदद्वारातला ताप १०४ फॅरेनहाइटच्या वर गेला तर बाकी लक्षणांची वाट पाहायची नाही.

पाजण्यातून होणारा न्यूमोनिया

पोटफुगीला तेल, अपचनाला काढा, खोकल्याला हळदीचं दूध; बांबूची नळी किंवा बाटली तोंडात खुपसून, जीभ बाहेर ओढून, मान आकाशाकडे करून. जीभ धरली की गाय गिळूच शकत नाही, आणि मान वर असली की ओतलेलं सरळ फुफ्फुसात जातं. तेल तर सगळ्यात वाईट, कारण त्याने ठसकाही नीट लागत नाही. दोन-तीन दिवसांत ताप, दुर्गंधीचा श्वास, आणि कोपरामागे छातीच्या खालच्या भागात घरघर. हे फुफ्फुस पुन्हा पूर्ण बरं होणं कठीण असतं.

पाजावंच लागलं तर: जनावर उभं हवं. नाक डोळ्यांच्या रेषेच्या वर जाऊ देऊ नका. बाटलीचं तोंड गालाच्या कोपऱ्यातून, दातांच्या मोकळ्या जागेतून आत. एका वेळी घोटभर, गिळलं का हे गळ्यावर पाहूनच पुढचा घोट. खोकली की त्याच क्षणी डोकं सोडा, अर्धी बाटली सांडली तरी चालेल. व्यायल्यानंतर कॅल्शियम उतरून आडवी पडलेली गाय, धापा टाकणारी गाय आणि पोट फुगलेली गाय यांना तोंडाने काहीच देऊ नये. आडव्या गायीला छातीवर बसतं करून दोन्ही बाजूंनी पोत्यांचा आधार द्या आणि १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा.

आजारी गायीच्या समोर काय ठेवायचं

ताप आलेल्या जनावराची ऊर्जेची गरज वाढते आणि भूक मरते. दिवसातून पाच-सहा वेळा मूठ-मूठ ताजा हिरवा चारा, कोवळा शेवगा, बरसीम. उरलेला लगेच उचलायचा, तोंड लागलेला ढीग ती पुन्हा हुंगत नाही. पाण्याच्या दोन बादल्या ठेवा, एक साधी, एक गूळ-मिठाची. धान्य वाढवून ताकद येत नाही. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या पोटात एकदम भरडा गेला की न्यूमोनियावर आम्लतेची भर पडते. रवंथ परत सुरू झाली की मगच खुराक, नेहमीच्या पावपट मात्रेपासून.

प्रतिजैविकाचा डोस डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस पूर्ण करायचा. दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून थांबवलं तर फुफ्फुसात गळवं राहतात. महिन्याभराने पुन्हा ढासणाऱ्या गायींपैकी पुष्कळ याच असतात. मेडिकलमधून आणलेल्या तोंडी प्रतिजैविकाच्या गोळ्या मोठ्या गायीला देऊ नका, त्या आधी पहिल्या पोटातले उपयोगी सूक्ष्मजीव मारतात. दूध किती दिवस काढून टाकायचं तेही विचारून घ्या.

दोन गोष्टी न्यूमोनियासारख्या दिसतात, पण नसतात. नागपूरचा मे: पारा ४५ पार, दुपारी गाय तोंड उघडून धापा टाकते आणि अंगही तापलेलं लागतं. ताप पहाटे पाचला मोजा. तेव्हा १०१-१०२ असेल तर ती उन्हाची धाप आहे. दुसरी, पहिल्या दमदार पावसानंतरची. कडब्यावरची मोठी जनावरं अचानक कोवळ्या लुसलुशीत गवतावर सोडली की आठवडा-दहा दिवसांत काहींना जबर धाप लागते, मान ताणून, तोंडाला फेस, पण ताप फारसा नाही. गवताच्या प्रथिनांतला ट्रिप्टोफॅन हा घटक पोटात अशा पदार्थात बदलतो की तो फुफ्फुस सुजवतो. त्यावर प्रतिजैविक चालत नाही, आणि अशा गायीला पळवत गोठ्यात आणलं तर ती वाटेतच पडू शकते. पहिल्या आठवड्यात आधी घरचा कडबा पोटभर घालून, मग दिवसाला तास-दोन तासच चरायला सोडायचं.